पडद्यामागचा माणूस

बेबाबाईंनी आयुष्यात एकच काम जीव ओतून केलं, ते म्हणजे ड्रम वाजवला. आणि तो त्यांनी वाजवलाच नाही, याबद्दल अख्ख्या खानदेशाचं एकमत आहे. वरणगावपासून पिंपळनेरपर्यंत त्या काळातल्या कुणालाही विचारा. तो सांगेल, हो, बायकांचा एक ऑर्केस्ट्रा होता, बायका गायच्या झकास, पण ड्रम वाजवायचा पडद्यामागे बसलेला एक माणूस. आणि वर हेही सांगेल की, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय त्याला. तो खोटं बोलत नसतो. पाहिलेला असतोच त्याने. आमच्याकडचा माणूस न पाहिलेलं सहसा सांगत नाही. आपण काय पाहिलं हे त्याला कळलेलं नसतं, एवढंच.

शाळेच्या हजेरीत तिचं नाव बेबा, घरात बेबी. बाप कौतिक मूळचा साक्री तालुक्यातला, पण दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून वरणगावला येऊन राहिलेला. घरात बोली खानदेशी, बाहेर शाळेची मराठी, आणि दोन्हींवर कारखान्याचा भोंगा. भोंगा झाला की गाव उठायचं, भोंगा झाला की जेवायचं. बेबी तेवढी या भोंग्याला जुमानत नसे. तिच्या बोटांचा भोंगा वेगळा होता. पिठाचा डबा, पाण्याची बादली, बापाच्या सायकलची सीट, हाताला लागेल ते ती बडवायची. आई म्हणायची, पोरीच्या हातांना खाज आहे. शाळेत मुलींचं बँडपथक निघालं तेव्हा बाईंनी तिच्या गळ्यात ड्रम अडकवला, तोही काही गुण ओळखून नव्हे. पथकात तीच सगळ्यात उंच होती आणि ड्रम जड होता. सव्वीस जानेवारीला ती झेंड्यासमोरून वाजवत गेली आणि त्या दिवसापासून बापाच्या मनात लेकीविषयी एक चोरटा अभिमान शिरला. तो तिला तसं बोलला मात्र कधी नाही. कारखान्यातल्या मित्रांना सांगायचा.

जळगावात बन्सीलाल नावाचा एक मंडपवाला होता. गाद्या, लोड, समया, लाउडस्पीकर आणि वेळ पडली तर भाड्याने पाव्हणेसुद्धा पुरवील असा माणूस. चौऱ्याऐंशी साली त्याने कुठेतरी मुंबईच्या लेडीज ऑर्केस्ट्राचं पोस्टर पाहिलं आणि त्याच्या डोक्यात किडा वळवळला. मुंबईच्या बायका वाजवतात, तर जळगावच्या बायकांनी काय घोडं मारलंय? त्याने बायका गोळा केल्या. बालवाडीत शिकवणारी सुनंदा गायला. पुष्पाला गिटार येत होती, कारण तिचा भाऊ गिटार विकत घेऊन सुरतेला नोकरीला निघून गेला होता आणि ती खुंटीला तशीच लटकत होती. लता कॅसिओ वाजवायची. ड्रमला बाई मिळेना. शेवटी कुणीतरी वरणगावच्या उंच पोरीचं नाव सांगितलं आणि बन्सीलाल कौतिकच्या दारात येऊन बसला. कौतिकने चहा पाजला, पुष्कळ आढेवेढे घेतले आणि एक अट घातली: प्रत्येक कार्यक्रमाला मी पोरीबरोबर येणार. बन्सीलालने ती आनंदाने मान्य केली. राखणीला फुकटचा माणूस मिळत होता.

विद्युल्लता लेडीज ऑर्केस्ट्रा, जळगाव. हे नाव ठेवल्यापासून ज्या गावात जावं तिथे नेमकी वीज जायची, पण त्याला इलाज नव्हता. पोस्टरं छापून झाली होती. तालीम बन्सीलालच्या गोदामात, गाद्यांच्या ढिगांत. गाद्या सगळा आवाज गिळून टाकायच्या, त्यामुळे बेबीला जोर लावून वाजवायची सवय लागली. पायाखाली मोठा ड्रम, पुढ्यात छोटे, डाव्या हाताला झांजा. शाळेत गळ्यात एकच ड्रम होता. इथे चार होते आणि चौघांशी एकाच वेळी बोलायचं होतं. पहिले काही दिवस ती तालमीहून रडत घरी गेली. नंतर एकदा सुनंदा गाता गाता मागे वळून बघायला लागली, आणि बेबीला कळलं की आता आपण वाजवतो आहोत.

सिनेमातली गाणी सगळेच वाजवायचे. विद्युल्लताची खरी करामत दुसरीच होती. पुष्पाने एकदा गंमत म्हणून, बायका कानबाईच्या सणाला म्हणतात त्या चालीवर गिटार धरली, बेबीने खाली इंग्रजी ठेका घातला आणि सुनंदाने वर अहिराणीत आवाज लावला. गोदामातले मंडपाचे मजूर हातातले बांबू टाकून बघत राहिले. कानबाई म्हणजे खानदेशची श्रावणातली देवी. नारळाची बसवतात, नथ घालतात, गव्हाचे रोट करतात, भाऊबंदकी जमते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला वाजतगाजत नदीवर नेतात. त्या देवीला कुणी गिटार ऐकवली नव्हती. लोकांना हे गाणं इतकं आवडलं की कार्यक्रमात ते पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचे. त्या गाण्यात मध्येच सगळं थांबायचं आणि बेबी एकटी वाजवायची. तेवढ्या वेळात बापाच्या हातातली विडी विझून जायची.

आणि ह्याच तुकड्याने घात केला.

बोदवडच्या कार्यक्रमात पुढच्या खुर्चीवर एक पुढारी बसले होते. त्यांनी तो तुकडा डोळे बारीक करून ऐकला आणि शेजाऱ्याला निकाल सांगून टाकला. ठेका पक्का आहे. बाईचा ठेका इतका पक्का असू शकत नाही. म्हणजे वाजवणारा माणूस आहे. माणूस दिसत नाही, म्हणजे तो पडद्यामागे आहे. स्टेजवर मागे निळा पडदा होताच, त्यावर बन्सीलालच्या पेंटरने रंगवलेला चंद्र. झालं. कार्यक्रम संपायच्या आत बातमी शेवटच्या रांगेत पोचली, आठवड्याभरात भुसावळला आणि महिन्याभरात धुळ्याला. कौतिक तावातावाने भांडायचा. बसस्टँडवर, चहाच्या टपरीवर, जिथे विषय निघेल तिथे. माझी पोरगी वाजवते, म्हणायचा, मी बाप आहे तिचा. लोक म्हणायचे, बाप आहेस म्हणूनच तर म्हणतोस.

बेबीने आणखी जोर लावला. तिला वाटायचं, अजून चांगलं वाजवलं तर लोकांना पटेल. भाबडी होती. ती जितकं चांगलं वाजवायची तितका पडद्यामागचा माणूस पक्का होत जायचा.

चोपड्याला एकदा वाजवता वाजवता तिच्या हातातली काडी निसटली. ती उचलायला वाकली, तर पडद्याच्या खालून पुरुषी चपलांचा एक भला मोठा जोड बाहेर डोकावत होता. पुढे कुणीही बसलं तरी दिसेल असा, व्यवस्थित मांडलेला. चपलांत पाय नव्हते. कार्यक्रम संपल्यावर तिने बन्सीलालला गाठलं. तो जरासुद्धा ओशाळला नाही.

"बेबी, तू वाजवतेस हे लोकांना पटलं, तर एकदा बघतील आणि घरी जातील," तो म्हणाला. "नाही पटलं, तर पुन्हा येतील."

ह्यात खोटं काही नव्हतं, तेच वाईट होतं. कार्यक्रम वाढले होते. लोक गाणं ऐकायला येत होते की माणूस पकडायला, हे बन्सीलालला विचारायचं कारण नव्हतं. बेबीला मात्र ते झोंबलं. परके लोक खोटं बोलतात ते एक. आपल्याच मालकाने आपल्या पाठीमागे चपला मांडून ठेवाव्यात? एक दिवस हा पडदा मी सगळ्यांसमोर खाली ओढीन, असं तिने सुनंदाला सांगितलं. सुनंदा म्हणाली, ओढ, पण मला आधी सांग. तिने सांगितलं नाही.

सत्याऐंशी साली पिंपळनेरच्या जत्रेत तो दिवस आला. संध्याकाळ. समोर माणसांची ही गर्दी. बायकांची बसायची सोय नेहमीप्रमाणे स्टेजच्या कडेला, खांबांच्या आडोशाला, जिथून स्टेजच्या पुढचं म्हणाल तर गाणारीचा एक कान आणि ट्यूबलाइटवरचे किडे तेवढे नीट दिसतात. कानबाईचं गाणं सुरू झालं. मधला तुकडा आला. सगळे थांबले, बेबी एकटी वाजवायला लागली, आणि समोरून कुणीतरी ओरडलं, पडद्यामागच्या भाऊला आमचा रामराम सांगा. सगळी जत्रा हसली.

बेबीच्या डोक्यात तिडीक गेली. तिने काड्या टाकल्या, उठली, वळली आणि दोन्ही हातांनी पडदा खेचला. चंद्रासकट तो खाली आला.

पडद्यामागे बन्सीलाल बसला होता.

आता तिथे तो रोजच बसायचा. कार्यक्रम सुरू झाला की मागे लोखंडी खुर्ची टाकून चहा प्यायची त्याची पद्धत होती. शेजारी सामानाची पेटी, पेटीवर बेबीच्या जादा काड्या. पडदा पडला तसा तो दचकून उभा राहिला, कपबशी पेटीवर ठेवली आणि गोंधळून दोन्ही हात वर केले, पोलीस आल्यासारखे. समोरच्या लोकांनी काय पाहिलं? पडदा पडला. माणूस सापडला. त्याच्या बाजूला काड्या. पायात त्या चपला. आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे तो सापडला त्याच क्षणी ड्रम बंद झाला होता. पडदा ओढणारीला एकाच वेळी ड्रम कसा वाजवता येईल, हा प्रश्न त्या गर्दीत कुणाला पडला नाही. टोप्या उडाल्या, शिट्ट्या झाल्या. काही जणांनी बन्सीलालला खांद्यावर घेतला. एका साप्ताहिकाने चौकटीत छापलं की, लेडीज ऑर्केस्ट्राचं गुपित उघड. बेबी काड्या शोधत स्टेजवर ओणवी झाली होती. पुन्हा वाजवून दाखवायचं होतं तिला, पण तेवढ्यात, नावाला जागून, वीज गेली.

सुनंदा तिला परतीच्या टेम्पोत एवढंच म्हणाली, की पडदा दुसऱ्या कुणी ओढायला हवा होता. तू थांबायला नको होतंस. बेबीने ते वाक्य जन्मभर जपून ठेवलं.

पुढचे काही महिने विद्युल्लताला उसंत नव्हती. पण आता लोक पडद्याऐवजी माणूस मागू लागले. त्या ड्रमवाल्याला पुढे बसवा, चांगला कलाकार आहे, त्याला लपवता कशाला? एका गावात संयोजकांनी हट्टच धरला. बन्सीलालने टोपी सारखी केली, ड्रमवर बसला आणि जमेल तसा धोपटला. त्याला साधी टाळी ठेक्यात वाजवता येत नसे. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, आज उस्तादांचा मूड नाही. बेबी कडेला उभी राहून हे ऐकत होती. रागही येईना तिला. ती हसत हसत खाली बसली आणि मग तिचं हसणं थांबेना, तेव्हा पुष्पाने तिला पाणी पाजलं.

त्यानंतर ऑर्केस्ट्रा फार चालला नाही. सुनंदाचं लग्न होऊन ती नाशिकला गेली, पुष्पाच्या भावाने सुरतेहून येऊन गिटार परत नेली, लताला नोकरी लागली. बन्सीलालने व्हिडिओ घेतला आणि मंडपात सिनेमे दाखवायला लागला. त्यात कुणाला वाजवावं लागत नव्हतं. चार बायकांनी मिळून खानदेशाला जे ऐकवलं, ते असं गाद्यांच्या गोदामात सुरू झालं आणि गाद्यांच्या गोदामातच गुंडाळून ठेवलं गेलं.

आता बेबीच्या लग्नाचं आलं. स्टेजवर ढोल बडवणारी पोरगी कोण करणार? दोन स्थळं दारातून परत गेली. तिसरं आलं ते पिंपळनेरजवळच्या खेड्यातलं. मुलगा पितांबर, पिंपळनेरच्या सोसायटीत कारकून, स्वभावाने गरीब. बरोबर त्याचे वडील तोतारामआबा आणि आई भिकुबाई. पोहे झाले. आबांनी घसा खाकरून विचारलं की, पोरगी ऑर्केस्ट्रात होती म्हणतात, ते कसं काय?

बेबी आतल्या दाराशी उभी होती. तिला वाटलं, आता बाप नेहमीसारखा उसळेल. बसस्टँडवर जे लोकांना सांगायचा तेच सांगेल. कौतिकने चहाची बशी खाली ठेवली, मान खाली घातली आणि म्हणाला, की ती नुसती बसायची हो ड्रमवर. वाजवायचा पडद्यामागचा माणूस. सगळ्या जगाला माहीत आहे.

तोतारामआबांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, अहो, मी स्वतः पाहिला ना त्याला पिंपळनेरच्या जत्रेत, कपबशी ठेवताना. मग तर काही प्रश्नच नाही.

बेबीचं काळीज त्या दिवशी पहिल्यांदा फाटलं. लोकांचं तिने कधी मनावर घेतलं नव्हतं असं नाही, पण लोक ते लोक. हा एकटा माणूस होता, ज्याची विडी विझायची. तिला बापाचा राग आला, आणि बापाची मानही वर होत नाही हे दिसलं म्हणून कीवही आली, आणि ह्या दोन्हींचं काय करायचं ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. भिकुबाईंनी तिला पुढे बोलावलं, रीतीप्रमाणे हात बघितले. तळव्यावर, अंगठ्याच्या मुळाशी, काड्यांनी पडलेले घट्टे होते. भिकुबाईंनी त्यांवरून एकदा बोट फिरवलं, तिची मूठ मिटून दिली आणि नवऱ्याला सांगितलं की पोरगी पसंत आहे.

अशी विद्युल्लताची मिस बेबी, बेबाबाई झाली. सासर वाईट नव्हतं. वाईट असतं तर एक वेळ भांडता आलं असतं. पितांबर तिला धुळ्याला सिनेमा दाखवायला न्यायचा, आणि एकदा गमतीत त्याने विचारलंही, तो पडद्यामागचा माणूस दिसायला कसा होता गं? तिने सांगितलं, टक्कल होतं. दिवसभर ती कामाला जुंपलेली असायची, पण बोटं ऐकत नसत. पीठ मळून झालं की परातीवर, भाकर थापता थापता काठवटीच्या कडेवर, काही ना काही चालू. आबा माजघरातून ओरडायचे की घरात कसली कटकट आहे. मग ती हात पदरात गुंडाळून घ्यायची. भिकुबाई काही बोलत नसत. त्या मुळातच कमी बोलायच्या. तोंडात मिश्री असली की बोलायची गरजही पडत नाही.

लग्नाला पाचेक वर्षं झाली असतील. श्रावण. घराण्याची कानबाई आबांच्या घरी बसली होती, मुंबई-सुरतेची भाऊबंदकी रोट खायला जमली होती. सोमवारी सकाळी कानबाई नदीवर निघाली. पुढे बँडवाले, मागे बाया फुगड्या खेळत, मध्ये कानबाईचा पाट डोक्यावर घेतलेली घराण्यातली थोरली सून. बँडमध्ये ड्रम होता भटूच्या गळ्यात. भटू चांगला माणूस होता, पण आदल्या रात्रीचं रोटाचं जेवण त्याच्या अंगावर आलं होतं आणि त्याचा ठेका मागे मागे राहत होता. पाटाबरोबर चालताना बेबाबाईंचे हात शिवशिवत होते. घरातलं खरकटं सहन करता येतं, घरातली बोलणी सहन करता येतात. चुकलेला ठेका पावलोपावली टोचतो. चावडीपुढच्या निंबाखाली मिरवणूक थांबली, भटूने ड्रम ओट्यावर ठेवला आणि पाणी प्यायला गेला. बायांनी इकडे तेच जुनं कानबाईचं गाणं उचललं.

बेबाबाई ओट्यापाशी कधी गेल्या, पट्टा गळ्यात कधी घातला, हे त्यांना पुढे खरंच सांगता आलं नसतं. काड्या हातात आल्या आणि गोदामातला तो इंग्रजी ठेका जसाच्या तसा सुरू झाला. गाणाऱ्या बाया क्षणभर अडखळल्या आणि मग त्या ठेक्यावर चढल्या. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला, अंबाडा सुटला. मधला तुकडा आला. बाया आपोआप थांबल्या, आणि त्या एकट्या वाजवत राहिल्या. पाच वर्षांची थकबाकी होती ती.

तुकडा संपला. तोतारामआबांचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. भर चौकात, भाऊबंदकीसमोर, घरची सून गळ्यात ढोल अडकवून. ते काठी टेकत पुढे निघाले. आणि तेवढ्यात भिकुबाईंनी तोंडातली मिश्री थुंकली, आणि कधी नव्हे तो मोठा आवाज काढला.

"माय वो, कानबाई उनी! मन्ही सूनना अंगमा कानबाई उनी!"

असं म्हणून त्यांनी सुनेच्या पायावर डोकं ठेवलं. झालं. बठ्ठं, म्हणजे अख्खं गाव खाली वाकलं. ज्यांचा बाईच्या हातावर विश्वास नव्हता त्यांचा देवीवर होता. आबांच्या हातातली काठी गळाली आणि तेही वाकले. बेबाबाई सांगायला निघाल्या होत्या, अहो देवी कसली, मीच आहे. तोंड उघडलंही होतं. पण पायाशी भिकुबाईंनी त्यांना असा काही कडकडून चिमटा काढला, की तोंडातून नुसताच हुंकार निघाला. लोकांनी तो देवीचा धरला.

तेव्हापासून दर श्रावणात कानबाई बेबाबाईंच्या अंगात येऊ लागली. आसपासच्या गावांतून बोलावणी यायची. भटू आपला ड्रम कुंकू लावून स्वतः आणून द्यायचा. बेबाबाईंना मनसोक्त वाजवायला मिळायचं, फक्त काही पथ्यं पाळावी लागायची: केस मोकळे, डोळे मिटलेले, आणि वाजवून झालं की इकडेतिकडे बघून विचारायचं, मी कुठे आहे? लोक सांगायचे, काही नाही अक्का, देवी येऊन गेली. मग मला काहीच आठवत नाही, असं म्हणायचं. आधी पडद्यामागचा माणूस वाजवायचा, आता देवी वाजवत होती. मधल्या मधे बेबाबाईंचे हात कुणाचेच नव्हते. नाही म्हणावं तर वाजवणं गेलं, हो म्हणावं तर वाजवणारी गेली. त्या हो म्हणत राहिल्या. बाप एका वर्षी कानबाईला आला होता. मिरवणुकीत कडेला उभा राहून ऐकत होता, आणि सगळे वाकले तेव्हा तोही वाकला. त्याची विडी हातात होती की नव्हती, हे बेबाबाईंना दिसलं नाही. डोळे मिटायचे होते.

मग एका वर्षी भिकुबाई अंगणात पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. कानबाईच्या दिवशीसुद्धा त्या खाटेवरच होत्या. सण झाल्यावर एका दुपारी घरात दोघीच होत्या. आबा आणि पितांबर धुळ्याला गेलेले. बेबाबाई गव्हाचा रिकामा डबा पुसत होत्या, आणि सवयीने बोटं डब्यावर फिरली, तशी त्यांनी ती आवरली.

"थांबनी काब?" भिकुबाई खाटेवरून म्हणाल्या. "वाजाड. यंदा मन्हं आयकानं ऱ्हाई गयं."

बेबाबाई म्हणाल्या की अंगात आल्याशिवाय कसं वाजवू.

"मी पिंपळनेरले व्हतू," भिकुबाई म्हणाल्या. "आम्हले बायास्ले बाजूले बसाडेल व्हतं. तठून पडदानं मांगलं बठ्ठं दिसे. त्या मंडपवालाना एक हातमा कप व्हता, दुसरा हातमा बशी. मंग वाजाडी कोन राहिनं व्हतं?"

बेबाबाईंनी फडकं खाली ठेवलं. दहा-बारा वर्षं. पोह्यांच्या वेळी, घट्ट्यांवरून बोट फिरवताना, चिमटा काढताना, सगळ्या वेळी ह्या बाईला माहीत होतं. हिलाच नव्हे, त्या खांबांच्या आडोशाला बसलेल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. खानदेशाचं एकमत झालं तेव्हा अर्ध्या खानदेशाचं मत कुणी घेतलंच नव्हतं.

"मंग तुम्ही काब नही सांगं?" बेबाबाईंनी विचारलं.

"आम्हले कोनी इचारं नही," भिकुबाई म्हणाल्या. त्यांनी कूस बदलायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. "आनि त्या दिन मी देवीनं नाव नही लेती, ते तुन्हा सासरा तुले उंबरठा चढू देता का? जाऊ दे. आते कोनी नही शे. देवी ऱ्हाऊ दे, तू वाजाड."

बेबाबाई रडल्या. मनसोक्त रडल्या. मग नाक पुसलं, डबा पालथा घातला, मांडी ठोकून बसल्या आणि वाजवायला लागल्या. पदर डोक्यावर, केस बांधलेले, डोळे उघडे. आधी बोटांनी, मग न राहवून दोन लाटणी आणली. भिकुबाई खाटेच्या कडेच्या लाकडावर बोटाने ठेका धरत होत्या आणि तो चुकत होता. बेबाबाईंना त्याचं काही वाटलं नाही.

आवाज ऐकून शेजारची ताईबाई हातातलं निवडणं तसंच घेऊन धावत आली. श्रावण संपला होता, देवी यायचं काही कारण नव्हतं.

"कोन वाजाडी राहिनं वो?" तिने दारातूनच विचारलं.

"मन्ही सून," भिकुबाई म्हणाल्या.

ताईबाईने खाटेवरच्या म्हातारीकडे पाहिलं. डब्याकडे पाहिलं. बेबाबाईंच्या उघड्या डोळ्यांकडे पाहिलं, त्यांनीही तिच्याकडे पाहिलं. तिला काही ते पटेना. ती हळूच आत आली, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि तिथला फुलाफुलांचा पडदा तिने बाजूला सारला. आत चूल होती, दोन घागरी होत्या.

बेबाबाईंना हसू फुटलं. पण या खेपेला पडदा दुसऱ्या कुणी ओढला होता, आणि त्यांनी वाजवणं थांबवलं नाही.